बाईंची सातवीण

बाईंना माणसं नावानं लक्षात राहत नसत, दारातल्या झाडावरून राहत. पनवेलच्या मुलींच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मला नाव, गाव, लग्न ठरलंय का, हे सगळं विचारून घेतलं. बाई कोपऱ्यात डबा खात होत्या. डबा संपल्यावर त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर उभं राहून विचारलं, "तुमच्या दारात कुठलं झाड आहे?"

"आंबा," मी जरा अभिमानानंच म्हटलं. आमचा आंबा पंचक्रोशीत नावाजलेला होता.

"मोहोर आधी कुठल्या अंगाला येतो? उगवतीच्या का मावळतीच्या?"

मला सांगता येईना.

"म्हणजे तुम्ही आंबे खाल्लेत, झाड पाहिलेलं नाही," असं म्हणून त्या वर्गावर निघून गेल्या. पुढं सहा वर्षं मी त्या शाळेत होते आणि सहाही वर्षं त्या इतरांशी माझ्याविषयी बोलताना "त्या आंबेवाल्या" असं म्हणत. वाण्याच्या दुकानात त्या "शेवग्याकडं" जात आणि पोस्टमास्तर त्यांच्या लेखी "बकुळ" होते. पोस्टमास्तरांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. वाण्याला मात्र शेवगा म्हणवून घेणं आवडलं नाही. त्यानं दारात पारिजातक लावला. बाईंनी त्याची पाहणी केली आणि म्हणाल्या, "जगला तर बघू."

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. पनवेल तेव्हा लहानसं गाव होतं. भाताच्या गिरण्या होत्या, खाडीत गलबतं येत, मिठाच्या गाड्या जात, मुंबई-पुण्याच्या मोटारी बाजाराच्या कडेनं धुरळा उडवत पुढं निघून जात. वडाळे तळ्याजवळ मी एक खोली घेऊन राहत होते. बाई दोन आळ्या पलीकडं राहत. वय पन्नाशीच्या अलीकडं. नऊवारी लुगडं, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि हातात बारमास छत्री. छत्री उन्हासाठी नव्हती, पावसासाठीही नव्हती. तिच्या वाकड्या मुठीनं फांदी खाली ओढायची असे. पाऊस आला तर बाई खुशाल भिजत, कारण छत्रीत तेव्हा कुठलीशी पानं किंवा शेंगा भरलेल्या असत.

त्यांचं लग्न झालं होतं आणि वर्षाच्या आत नवरा विषमज्वरानं गेला, एवढं मला शाळेतल्या शिपाईणीकडून कळलं. बाई स्वतः फक्त वडिलांबद्दल बोलत. वडील पेणकडचे वैद्य. नवऱ्यामागं बाई माहेरी परत आल्या, तेव्हा वडिलांनी त्यांना दोन कामं लावून दिली. सकाळी शिक्षिकेच्या परीक्षेचा अभ्यास आणि दुपारी रानातून साली, मुळ्या, पाला आणणं. "रडायला वेळ ठेवला नाही त्यांनी," त्या म्हणत. यात तक्रार नसे.

शाळेच्या मागं, विहिरीच्या पलीकडं एक सातवीण होती. माझी आणि तिची ओळख बाईंनी करून दिली ती एखाद्या मोठ्या माणसाशी करून द्यावी तशी. आधी लांब उभं केलं. "फांद्या बघा कशा निघाल्यात. एकाच ठिकाणाहून चार-पाच, मग बरीच जागा मोकळी, मग पुन्हा चार-पाच. मजल्यांवर मजले." मग जवळ नेलं. राखाडी, खरखरीत, बारीक पुटकुळ्या आल्यासारखी साल हाताला लावायला लावली. मग छत्रीच्या मुठीनं एक डहाळी वाकवली. "मोजा."

देठाभोवती पानं गोल मांडून ठेवल्यासारखी होती. वरून गडद हिरवी, चकचकीत, खालून फिकट. मी मोजली. सहा भरली.

"मग सातवीण कशी?" मी विचारलं.

"दुसरी डहाळी घ्या."

दुसरीला सात होती. तिसरीला पाच. बाईंना फार आनंद झाला. "सात असतातच असं नाही. चार असतात, नऊही असतात. नाव ठेवणारा घाईत होता. एकच डहाळी मोजली आणि घरी गेला."

मग त्यांनी एक पान देठापाशी मोडलं. मोडलेल्या जागी पांढरा शुभ्र चीक थबथबला. तो चीक चिघळलेल्या जखमेवर लावतात, किडलेल्या दाढेत भरतात. सालीचा काढा हिवतापावर देतात, जुन्या जुलाबांवर देतात. बाळंतिणीला दूध यावं म्हणूनही देणारे आहेत. गुरं मात्र या झाडाला तोंड लावत नाहीत. लाकूड पांढरं, हलकं, इमारतीला निकामी, पण पूर्वी मुलांच्या धुळाक्षरांच्या पाट्या त्याच लाकडाच्या करत. हे सांगताना बाईंचा आवाज बदलला. "सगळ्या झाडांत शाळेत गेलेलं झाड हे एकच," त्या म्हणाल्या.

सातवीण दिवाळीच्या सुमारास फुलते. हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ झाडभर येतात आणि संध्याकाळ झाली की वास असा सुटतो की आळीतल्या माणसाला झाड कुठं आहे हे विचारावं लागत नाही. काहींना तो वास गोड लागतो, काहींचं डोकं दुखतं. आमच्या मुख्याध्यापिकांचं दुखत असे. शिवाय या झाडावर भूत राहतं असं गावातले लोक म्हणत, आणि मुख्याध्यापिका भुतांना मानत नसल्या तरी पालकांना मानत होत्या. एका वर्षी त्यांनी झाड तोडायचं ठरवलं.

बाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी मुख्याध्यापिकांना रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर झाडाखाली चहाला बोलावलं. स्टोव्ह, भांडी, दोन खुर्च्या, सगळं शिपाईणीकडून तिथं मांडून घेत. मुख्याध्यापिका सभ्य होत्या, येत राहिल्या. आठव्या दिवशी त्यांनी पदरानं नाक झाकून विचारलं, "हे किती दिवस चालणार आहे?"

"फुलं गळेपर्यंत. महिनाभर," बाई म्हणाल्या. "तुमचं डोकं दुखतं हे मला पटलं. तेवढा महिना विहिरीकडची खिडकी लावून घेऊ. मार्चमध्ये या, शेवयांसारख्या लांब शेंगा उकलतात, आणि बिया उडतात. दोन्ही टोकांना केसांचे झुपके असतात. तेव्हा मुलींना वर्गात बसवू नका."

खिडकी लावली गेली आणि झाड राहिलं. मार्चमध्ये मुख्याध्यापिका आपण होऊन विहिरीवर आल्या, केसाळ बिया हवेत तरंगताना बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. त्या दिवशी तिसरीच्या मुली दुपारभर अंगणात होत्या.

बाई झाडाचे शंभर उपयोग सांगत, पण औषध कधी कुणाला देत नसत. एकदा बाजारातल्या एका कापडवाल्यानं त्यांना रस्त्यात गाठलं. बिचाऱ्याला महिनाभर पोटाचा त्रास होता. बाईंनी भर उन्हात त्याला कुड्याची साल, सातविणीची साल, बेलाचं कोवळं फळ, यांतलं काय कशावर सांगितलंय ते सगळं समजावलं. तो भक्तिभावानं ऐकत होता. शेवटी बाई म्हणाल्या, "तर आता वैद्यांकडं जा."

"मग एवढं सांगितलंत कशाला?"

"तुम्ही झाडांबद्दल विचारलंत."

मी नंतर त्यांना म्हटलं, तुमच्या वडिलांचं इतकं ज्ञान तुमच्याकडं आहे, ते लोकांच्या उपयोगी का पडू देत नाही? त्या म्हणाल्या, "नाडी मला येत नाही, झाडं येतात. ज्याला जे येतं त्यानं तेवढंच सांगावं." मला हे त्यांचं आखडूपण वाटलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. दोन वर्षं त्यांच्या मागं हिंडून मला पुष्कळ उपयोग पाठ झाले होते आणि ते कुणाला तरी सांगावेत अशी फार इच्छा होती.

ती संधी सोनूबाईनं दिली. सोनूबाई कोन गावची आगरीण. डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला पनवेलच्या बाजारात येई आणि परत जाताना माझ्या ओट्यावर पाणी प्यायला टेके. त्या शुक्रवारी ती ओट्यावरून नेहमीपेक्षा लवकर निघाली.

"सून तापानं फनफनलीय बाय," ती म्हणाली. "एक दिस थंडी वाजून येतंय, एक दिस नाय. भात कापनीला आलाय, दवाखान्यात आनायला मानूस नाय. सोमवारी बघू म्हनतो."

"हा हिवतापच," मी म्हटलं. "तोवर सातविणीच्या सालीचा काढा द्या. तुमच्या डोंगरालगत असेलच. वाटीभर सकाळी, वाटीभर संध्याकाळी."

"आमचे आजे पन द्यायचे तो," सोनूबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हुशारी आली. "पोराला, गणपतला सांगते. आनेल तो पहाटचा."

ती गेल्यावर मी बराच वेळ खुशीत होते. दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी बाईंना सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "काल कोनच्या एकीला मी सातवीण सांगितली."

बाई वह्या बांधत होत्या. "कुठलं झाड?"

"डोंगरालगत असेल कुठंतरी. तिचा मुलगा आणणार होता."

"ते कोणी पाहिलंय?"

बाईंनी वह्या तशाच टाकल्या, छत्री उचलली आणि म्हणाल्या, "चला."

पळस्प्यापर्यंत एसटी मिळाली. तिथून पुढं आम्ही चालत निघालो. दोन्हीकडं भात पिवळं पडलेलं होतं, कापणी चालू होती. बाई इतक्या भरभर चालत होत्या की मला पळावं लागत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना एकाही झाडापाशी न थांबता चालताना पाहत होते. तेवढ्यावरून मला भीती वाटू लागली.

सोनूबाईच्या घरी चुलीवर मडकं होतं आणि त्यातून वाफ येत होती. आतल्या बाजूला तिची सून यमुना गोधडी घेऊन पडली होती. एकोणीस-वीस वर्षांची असेल.

"काढा दिलात का?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"नाय अजून," सोनूबाई म्हणाली. "मुरू दे म्हनलं. बसा ना बाय."

बाई बसल्या नाहीत. "मडकं खाली उतरवा. घोटभरही कुणी घेऊ नका." मग त्यांनी कोपऱ्यातल्या सालीचा ढलपा उचलला, उजेडात नेला, नखानं खरवडला, वास घेतला. मला वाटलं त्या आता सांगतील. पण त्या म्हणाल्या, "मला नुसत्या सालीवरून ओळखता येत नाही. झाड दाखवा."

गणपत तेवढ्यात शेतावरून भाकरी खायला आला होता. तो वैतागला. "पहाटे अंधारात गेलो, बाय. वाटंत कुनाशी बोललो नाय, लोखंड लावला नाय, दगडानं ठेचून काडली. म्हातारी मानसं सांगतान तसाच सगला केला. आता परत कशाला?"

"सगळं बरोबर केलंत," बाई म्हणाल्या. "फक्त अंधारात गेलात. एकदा उजेडात जाऊ."

तो आईकडं बघू लागला. सोनूबाईनं मडकं उतरवून स्वतःजवळ ओढून घेतलं आणि त्यावर झाकण ठेवलं. "जा रं," ती म्हणाली. "मी बसते हितं."

गावामागं माळ चढून गेलं की डोंगराची झाडी लागते. गणपत पुढं, बाई मध्ये, मी मागं. झाडी जवळ आली तसा मला सातविणीचा वास आला. भर दुपारीही मंद येत होता. माझा जीव भांड्यात पडला. "बाई, आहे, वास येतोय," मी म्हटलं. त्या तशाच पुढं चालत राहिल्या.

"ही बगा," गणपत म्हणाला. खोडावर कमरेएवढ्या उंचीला ठेचल्याची ताजी खूण होती.

बाईंनी वर पाहिलं, मग माझ्याकडं. "तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या आणि छत्रीच्या मुठीनं एक फांदी माझ्यापुढं वाकवली.

पानं गोल मांडलेली नव्हती. समोरासमोर दोन-दोन होती. चकचकीत, रुंद, आणि प्रत्येक पानात देठापासूनच तीन शिरा सरळ टोकाकडं निघालेल्या. मी एक पान मोडलं. चीक आला नाही. दुसरं मोडलं, तिसरं मोडलं. माझी बोटं कोरडीच राहिली. मग झाडाखाली लक्ष गेलं. पाल्यात लहान संत्र्यांसारखी नारिंगी फळं पडली होती. एक फुटलेलं होतं आणि आतून बटणासारखी चपटी, राखी रंगाची बी दिसत होती.

"काजरा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मोठ्यानं सांगा. त्यांना कळलं पाहिजे."

"हा काजरा आहे," मी गणपतला सांगितलं. "हे विष आहे. याच्या बिया वैद्य लोक शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. हा काढा पोटात गेला असता तर तुमची बायको वाचली नसती."

गणपतनं ठेचलेल्या खुणेवर हात ठेवला. "पन कडू तर हाय," तो म्हणाला. "जिभंला लावून बगितली मी."

"कडू दोन्ही असतात," बाई म्हणाल्या.

"आनि वास? वासावर तर आलो मी."

बाईंनी छत्रीनं पलीकडं दाखवलं. वीस-पंचवीस पावलांवर सातवीण उभी होती, फुलांनी भरलेली. तिच्या वासावरच तो पहाटे आला होता आणि अंधारात हाताला लागलेलं पहिलं खोड त्यानं ठेचलं होतं. तो तिथंच खाली बसला. मीही बसले. बाई मात्र सातविणीपाशी गेल्या, एक पान मोडून घेऊन आल्या आणि चिकाचा थेंब गणपतच्या अंगठ्यावर टेकवला. "आता हे विसरू नका," त्या म्हणाल्या. आवाज एखाद्या बिगरीतल्या पोराशी बोलावं तसा मऊ होता.

परत येईपर्यंत सोनूबाई मडक्याजवळून हलली नव्हती. गणपतनं परसात खड्डा खणला, काढा, साल आणि मडकं, सगळं त्यात पुरलं. मी सोनूबाईसमोर उभी राहिले. बाईंनी मला काही सांगितलं नव्हतं, पण त्या दाराबाहेर जाऊन थांबल्या होत्या, त्यावरून मला काय करायचं ते समजलं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "झाड न बघता मी तुम्हाला औषध सांगितलं. मला सांगायचा अधिकार नव्हता."

सोनूबाईनं आत पडलेल्या सुनेकडं पाहिलं. "तू बऱ्यासाठी सांगलंस," ती म्हणाली. "पन परत कुनाला सांगू नको, बाय." मग तिनं मला पाणी दिलं.

कापणी तशीच टाकून गणपतनं बैलगाडी जुंपली. यमुनेला गोधडीत गुंडाळून आम्ही गाडीत घातलं आणि संध्याकाळच्या आत पनवेलच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, हिवतापाच्या गोळ्या दिल्या. आठवड्यानं ती उठून बसली. पंधरवड्यानं सोनूबाईबरोबर माझ्या ओट्यावर आली आणि तिनं वालाच्या शेंगांची जुडी माझ्यापुढं ठेवली. मला ती घेताना फार लाज वाटली, पण न घेणं त्याहून वाईट झालं असतं.

त्या शनिवारी दवाखान्यातून घरी परतताना बाई पहिल्यांदा त्या विषयावर बोलल्या. मी रडत होते. त्यांनी रडू दिलं. तळ्याच्या काठावर आल्यावर म्हणाल्या, "मी तुम्हाला आधी उपयोग शिकवले. ऐकायला तेच गोड लागतात म्हणून मीही सांगत सुटले. आधी ओळख पक्की करून घ्यायला हवी होती. वडिलांनी मला तीन वर्षं एकाही झाडाचा गुण सांगितला नव्हता. नुसतं ओळखायला लावायचे. तेव्हा मला राग यायचा."

"चूक तुमची नाही, बाई."

"थोडी आहे. थोडी तुमची आहे. सोमवारपासून क्रम बदलू."

आणि तो त्यांनी खरोखर बदलला. सोमवारपासून वर्गात कुठल्याही झाडाचा उपयोग सांगणं बंद झालं. मुलीनं आधी साल, पान, पानांची मांडणी, चीक, फूल, फळ, बी, हे सगळं डोळे मिटून सांगायचं, आणि मग झाडापाशी जाऊन डोळे उघडून पुन्हा सांगायचं. ते जमलं की बाई त्या मुलीच्या कानात त्या झाडाचा एक गुण सांगत. एकच. मुलींमध्ये या कानातल्या गुणांना भयंकर मोल आलं. एक मुलगी तर बाईंनी कानात सांगितलेला बेहड्याचा गुण सख्ख्या बहिणीलाही सांगायला तयार नव्हती. "तू आधी ओळखून ये," म्हणायची.

दर वर्षी सातवीण फुलली की बाई वरच्या वर्गाच्या मुलींना घेऊन कोनला जात. गणपत वाट दाखवायला येई. पहिल्या वर्षी तो मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या वर्षी बाईंनी त्यालाच बोलायला लावलं. तिसऱ्या वर्षी त्याला थांबवावं लागलं. काजऱ्याच्या खोडावर थाप मारून तो सांगे, "हा माजा झाड. यानं माज्या घरात शिरायचा बगितला होता." मग मुलींना सातविणीकडं नेऊन पान मोडायला लावी आणि स्वतःचा अंगठा पुढं करी. गावातल्या बायकाही हळूहळू ऐकायला येऊ लागल्या. यमुना कडेवर मूल घेऊन येई आणि नवऱ्याचं भाषण चाललेलं असताना पदराआड हसे.

पुढं माझं लग्न झालं आणि मी ठाण्याला गेले. बाई निवृत्त झाल्या. पुतण्यानं त्यांना नागपूरला बोलावलं होतं. महिनाभर राहून त्या परत आल्या. "तिकडं झाडं चांगली आहेत, पण मला त्यांची ओळख व्हायला वीस वर्षं लागतील. तेवढी आहेत का, ते माहीत नाही," असं त्यांनी मला पत्रात लिहिलं होतं.

दोन-तीन वर्षांनी मी पनवेलला गेले तेव्हा बाईंच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "आज मंगळवार ना, कर्नाळ्याकडं गेल्या असतील. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा असते त्यांची." मला वाटलं, निवृत्तीनंतर कुठं शिकवायला लागल्या. मी एसटीनं गेले. वाटेवर विचारत विचारत डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकऱ्यांच्या वाडीपर्यंत पोचले.

वाडीच्या बाहेर एका दगडावर एक कातकरी बाई बसली होती. बाईंहून पाच-दहा वर्षांनी लहान असावी, सुकलेली, काटक. नाव बुधी. पनवेलच्या बाजारात रानातले कंद विकायला येई. बाईंनी एकदा तिला एका कंदाचं नाव विचारलं आणि तिनं, चल दाखवते, म्हणून त्यांना रानात नेलं. तेव्हापासून हे चाललं होतं, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मला दिसलं ते एवढंच. बुधी दगडावर बसली होती आणि आमच्या बाई तिच्यासमोर जमिनीवर, मांडीवर वही घेऊन. बूट काढून बाजूला ठेवलेले. मध्ये एक वेल पडली होती.

बाईंनी वेलीचं नाव सांगितलं. बुधीनं मान हलवली.

"नाव ऱ्हाऊ दे. पान झडल्यावर कसा ओळकशील ते सांग."

बाईंनी वेलीला हात लावून पाहिला, उलटसुलट केली, थोडा वेळ विचार केला. "नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

"मंग उन्हाल्यात ये," बुधी म्हणाली. बाईंनी ते वहीत लिहिलं. तेवढ्यात त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. त्यांनी मला बसायची खूण केली, बोलल्या मात्र नाहीत. वर्ग चालू होता.

बुधीनं मला खालून वर न्याहाळलं. "ही तुजी कोन?" तिनं बाईंकडं बोट करून विचारलं.

"माझ्या बाई आहेत," मी म्हटलं. "मला शिकवायच्या."

बुधीला ते खरं वाटलं नसावं. तिनं एकदा बाईंकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिला लवकर समजत नाय. पन येते बिचारी, चुकत नाय."

परतीच्या वाटेवर बाईंनी मला ते वाक्य तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा सांगताना त्या इतक्या हसल्या की आम्हाला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. एसटीत खिडकीपाशी जागा मिळाल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली, नवं पान उघडलं आणि बुधीचं ते वाक्य जसंच्या तसं, खाली तारीख घालून, लिहून ठेवलं.